सोबतीचं माप

मिस्त्रीचा फोन पहिल्यांदा आला तेव्हा मी एका कोटाची बाही जोडत होते आणि तोंडात चार टाचण्या होत्या. त्यामुळे नुसतं "हं" म्हटलं.

"तुमची पाळी आली," मिस्त्री म्हणाला. "उद्यापासून तुमच्या बोटीला हात घालतो. घालू ना?"

मी एकेक टाचणी काढून उशीला टोचली. चारही टोचून झाल्या, आणि म्हटलं, "यंदा नको. पुढच्या वर्षी बघू."

"बरं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. इतकं सोपं होतं. एवढं मोठं खोटं बोलताना माणसाला निदान घाम तरी फुटायला हवा, पण मला काहीसुद्धा झालं नाही. मी पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या आणि दुसरी बाही घेतली.

हे तेव्हा धक्क्यावर फिरायला गेले होते. ज्या फोनची हे तीन वर्षं वाट बघत होते तो आला आणि मी परस्पर परतवून लावला. आल्यावर त्यांनी चपला काढता काढता विचारलं, "कुणाचा फोन होता का?" मी म्हटलं, "राँग नंबर."

आता मला नावं ठेवण्याआधी जरा ऐकून घ्या. हे तीस वर्षं मालवाहू जहाजावर आचारी होते. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांतले पहिले पंधरा दिवस एकमेकांची ओळख काढण्यात जायचे, आणि शेवटचे पंधरा दिवस बॅग भरण्यात. मधला महिना तेवढा संसाराचा. म्हणजे तीस वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला जेमतेम अडीच वर्षांचा नवरा आला. मुलगी लहानाची मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, तीही मी एकटीने मशीन चालवत मार्गी लावली. मी लोकांचे कपडे शिवते. बेतते चोख आणि बोलते फटकळ, असं गिऱ्हाइकं म्हणतात. पुन्हा येतातही.

तर हे निवृत्त होऊन घरी आले आणि आठवड्याच्या आत जाऊन बोटीची ऑर्डर देऊन आले. छोटी, लाकडी, दोन माणसं बसतील एवढी. माझा संताप संताप झाला.

"तीस वर्षं पाणी बघून पोट भरलं नाही का तुमचं?"

"बघितलं कुठं?" हे म्हणाले. "मी कायम खाली, स्वयंपाकघरात. समुद्र दिसायचा तो ताटाएवढ्या खिडकीतून, तोही कांदा चिरताना. सुकाणूला कधी हात लावला नाही मी. एकदा लावायचाय."

"मग लावा. मी काही पाय ठेवणार नाही त्यात."

त्यावर हे नुसते हसले. ह्यांचं हे असं आहे. बोलायच्या वेळी हसतात आणि आपण काय ते समजून घ्यायचं.

बोट तीन वर्षांनी मिळणार होती. मिस्त्री आणि त्याचा भाऊ, दोनच माणसं, वर्षाला चार बोटी करायचे. लाकूड दोन वर्षं शेडमध्ये सुकवायचं, इंजिन कुठूनतरी लांबून यायचं, आणि ते येईल तेव्हा आलं म्हणायचं. शेडच्या दारावर पाटी होती: "कधी होणार असं विचारणाऱ्याचा नंबर शेवटी जाईल." लोकांना ती थट्टा वाटायची. एका शाळामास्तरांनी दोनदा विचारलं आणि दोनदा ते यादीच्या तळाला जाऊन बसले. तेव्हापासून कोणी तोंड उघडत नव्हतं. पाळी आली की मिस्त्री सकाळी एकदा फोन करायचा. हो म्हटलंत तर दुसऱ्या दिवशी करवत चालू. नाही म्हटलंत तर पुढच्याचा नंबर, आणि तुम्हाला फोन थेट पुढच्या वर्षी.

ह्यांनी मिस्त्रीकडून बोटीचा नकाशा मागून आणला आणि माझ्या शिवणाच्या खोलीत, जमिनीवर, खडूने ती बोट जशीच्या तशी काढली. खऱ्या मापाची. नाक खिडकीपाशी, शेपूट कपाटाशी. माझं मशीन बरोबर मध्ये आलं. मी म्हटलं, पुसा हे, गिऱ्हाइकं येतात. हे म्हणाले, राहू दे दोन दिवस.

ते दोन दिवस पुढे सहा वर्षं चालले. आणि खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. दुपारी जेवणं झाली की हे शेपटाकडे स्टूल टाकून बसायचे, माझी लाकडी पट्टी सुकाणू समजून काखेखालून मागे धरायचे, आणि म्हणायचे, "निघायचं?" मी मशीनवर पाय ठेवायची. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि जमिनीवर हलत राहायचा, आणि मशीनचा आवाज एका लयीत लागला की मला खरोखर वाटायचं, आपण निघालो. कपाट मागे पडतंय. भिंत मागे पडतेय. हे हळू आवाजात सांगत राहायचे: आता उजव्या हाताला दीपस्तंभ येईल, आता पाण्याचा रंग बदलेल, निळा जाऊन हिरवा, आता एक मासा आपल्याबरोबर पोहत येतोय, बघ. मी खाली बघायची. मांडीवरून सुटलेलं हिरवं अस्तर जमिनीवर पसरलेलं असायचं, आणि त्याच्याखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. एकदा मला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा पाय ओले झालेत म्हणून मी दचकून वर घेतले. कोरडे होते. हे म्हणाले, "लाट आली होती एक. तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही."

साठीला टेकलेली बाई मी, नवऱ्याच्या प्रेमात पडले. सांगायला लाज वाटते, पण पडले. लग्न केलं तेव्हा पडायला सवड कुठे मिळाली होती?

मग ती चिठ्ठी सापडली.

मिस्त्रीची आणखी एक पद्धत होती. बोट तो माणसाच्या मापाने करायचा. सुकाणूचा दांडा धरणाऱ्याच्या हाताएवढा, आणि सोबतीच्या माणसाचं बाक त्या माणसाच्या अंगाएवढं, दोन्ही बाजूंना कडा असलेलं, लाटेने घसरू नये म्हणून. ऑर्डर घेताना तो दोघांची मापं लिहून घ्यायचा आणि नक्कल गिऱ्हाइकाला द्यायचा. ह्यांच्या शर्टाचा खिसा उसवला होता तो शिवताना ती नक्कल हातात आली. वर ह्यांचं माप होतं. खाली लिहिलं होतं: "सोबत. बसण्याचा घेर चौतीस. वजन हलकं."

माझा सगळा जन्म मापं घेण्यात गेला. दारातून आत येणाऱ्या बाईची कंबर मी टेप न लावता सांगते. आणि माझं स्वतःचं माप मला माहीत नाही होय? माझा घेर चव्वेचाळीस. वजनाला हलकं म्हणायचं तर म्हणणाऱ्याची छाती पाहिजे. ते बाक माझ्यासाठी नव्हतं. ते कोणासाठी होतं हेही मला लगेच कळलं. ह्यांचा जहाजावरचा एक दोस्त होता, काडी म्हणायचे त्याला सगळे. दर शनिवारी चहाला यायचा, दोघं खुर्च्या जवळ ओढून बंदरांच्या गोष्टी बोलायचे. काडी नावाप्रमाणेच होता. चौतीसचा घेर त्याच्यावरच बेतलेला.

म्हणजे तीन वर्षं हा माणूस माझ्या खोलीत बसून मला सफरी घडवतोय, आणि खरी बोट आली की काडीला घेऊन निघून जाणार. पुन्हा ते दहा महिने. पुन्हा मी आणि मशीन. विचारायला हवं होतं, कबूल. पण ज्या बाईने तीस वर्षं 'कधी येणार' असं एकदाही विचारलं नाही, ती 'मला नेणार का' असं विचारेल का? मी खिसा शिवला, चिठ्ठी आत ठेवली, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी मिस्त्रीचा फोन आला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. मी म्हटलं, यंदा नको. ह्या वेळी टाचण्याही नव्हत्या तोंडात. आमच्या सफरी चालूच होत्या. खडू फिका झाला की हे गुडघ्यावर बसून पुन्हा गिरवायचे. काडी विचारायचा, "अरे, झाली का तुझी बोट?" हे म्हणायचे, "होईल. लाकूड सुकतंय." त्या पाटीला घाबरून मिस्त्रीला विचारायला मात्र गेले नाहीत. माझं सगळं खोटं त्या एका पाटीच्या आधारावर उभं होतं.

त्या वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची. मग चमचा. मग एक दिवस दुपारी लाकडी पट्टी हातातून सुटून पडली आणि हे म्हणाले, "वारा फार आहे आज." मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढेल, जिवाला धोका नाही, पण पकड राहणार नाही.

तिसरा फोन त्यानंतर आला. ते जास्त वाईट, हे मला माहीत आहे. पहिल्या दोन वेळी मला काय कळत होतं म्हणा. तिसऱ्या वेळी मला कळत होतं, की एक वर्ष गेलं म्हणजे ह्या माणसाच्या हातातलं एक वर्ष गेलं. तरी मी नको म्हटलं. मनाशी म्हटलं, असल्या हाताने पाण्यावर कशाला पाठवायचं. कारण सापडलं की वाईट काम करायला किती बळ येतं, ते मी तेव्हा बघितलं.

चौथ्या वर्षी मिस्त्री म्हणाला, "बाई, ही माझी शेवटची बोट. डोळे साथ देत नाहीत, ह्यानंतर शेड बंद. हो असेल तर हो सांगा. आणि माप जुनं झालंय, एकदा येऊन तपासून जा."

मी ठरवलं, आता कायमचं नको म्हणून यायचं. तोंडावर. ह्यांना सांगितलं, बटणं आणायला जाते.

शेडमध्ये भुसा इतका होता की पावलांचा आवाजच येत नव्हता. वर पत्र्यात एक फट होती, तिच्यातून उजेड खाली यायचा आणि त्यात भुसा तरंगत राहायचा. आत पाणी नव्हतं, पण मला दुपारची ती आमची खोलीच आठवली. भिंतीवर लाकडाची बाकं टांगलेली होती, प्रत्येकाला चिठ्ठी. मिस्त्री बाकं ऑर्डर घेतानाच कापून ठेवायचा, लाकूड त्या मापातच सुकावं म्हणून. बहुतेक खिळे आता रिकामे होते. त्याने एक बाक काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्यासमोर ठेवलं.

"बसून बघा."

"माझं नाही ते," मी म्हटलं. "ह्यांच्या दोस्ताचं आहे."

"दोस्त कुठला? लिहिलंय की खाली."

त्याने बाक उलटं केलं. खाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता. बायको.

मी बसायला गेले. दोन्ही कडा लागल्या आणि मी मधल्या मध्ये अडकले. मिस्त्री हसला नाही, हे त्याचे उपकार.

"मी म्हटलं होतं त्यांना," तो म्हणाला, "बाईंना घेऊन या. तर पाकिटातून चिठ्ठी काढली त्यांनी, घडीवर फाटलेली, आणि वाचून दाखवली. म्हणाले, माप घेण्यात बायको वस्ताद आहे, हे तिचंच लिहिलेलं आहे, चुकायचं नाही."

ती चिठ्ठी मी लिहिली होती. बावीस वर्षांची होते. पहिल्या सफरीला निघताना हे म्हणाले, बंदरात कपडे चांगले मिळतात, तुझं माप दे. मी दिलं. त्या वर्षी एक झगा आला, मापात. पुढच्या वर्षी कोट. मग मुलगी झाली, अंग सुटलं, आणि येणारा प्रत्येक कपडा लहान व्हायला लागला. मी ह्यांना कधी सांगितलं नाही. एवढ्या लांबून आणलाय, दोन महिन्यांसाठी आलाय, कशाला मन मोडायचं. हे बाहेर गेले की मी शिवण उसवायची, बाजूला पट्ट्या जोडायची, आणि संध्याकाळी घालून दाखवायची. "अगदी मापात आहे," म्हणायची. अठ्ठावीस वर्षं. हात असा साफ, की ह्यांना कधी टाका दिसला नाही. मग त्या माणसाला माझं माप कसं कळावं? त्याच्या पाकिटात मी अजून चौतीसचीच होते.

मी त्या बाकात अडकून बसले आणि रडले. मिस्त्रीने भावाला चहा आणायला पाठवलं.

नंतर मी म्हटलं, "उद्यापासून हात घाला. पण सुकाणूचा दांडा माझ्या हाताच्या मापाने करा. आणि बाक ह्यांच्या मापाने."

"त्यांना घेऊन या मग."

"नको. त्यांचं माप मला पाठ आहे."

घरी गेले तेव्हा हे चहा गाळत होते, दोन्ही हातांनी पातेलं धरून. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिन्ही फोन, चिठ्ठी, काडी. हे ऐकत राहिले. मग पातेलं खाली ठेवलं.

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही."

"पहिला कधी म्हणालीस?"

"तीन वर्षं झाली."

ह्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तेवढंच बघणं होतं, पण ते मला मरेपर्यंत पुरेल. मग ओलं फडकं घेऊन शिवणाच्या खोलीत गेले आणि गुडघ्यावर बसून जमिनीवरची सगळी बोट पुसून काढली. दुपार गेली त्यात. मी दारात उभी होते, मदत कर असं म्हणाले नाहीत.

अकरा दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे 'मीठ दे' एवढं बोललो. दुपारी मी मशीन चालवायची तर खोली नुसती खोली असायची, कपाट जागच्या जागी. बाराव्या दिवशी हे माझा टेप घेऊन आले.

"उभी राहा."

मी उभी राहिले. ह्यांनी माझं माप घेतलं. हात थरथरत होता, टेप सारखा सरकायचा, तीनदा घ्यावं लागलं. मी आकडा सांगू शकले असते, पण गप्प बसले. ह्यांनी तो एका कागदावर लिहिला आणि पाकिटात ठेवला.

"आता कशाला?" मी विचारलं. "बाक तर तुमच्या मापाचं होतंय."

"चुकीची चिठ्ठी घेऊन किती दिवस फिरू?" हे म्हणाले.

बोट आठ महिन्यांनी आली. इंजिनासाठीच पाच महिने थांबावं लागलं, पण आम्ही कोणीच मिस्त्रीला विचारलं नाही. धक्क्यावर काडी आला होता, दोरी सोडायला. मी दांडा धरून मागे बसले आणि हे मधल्या बाकावर, माझ्याकडे तोंड करून. मला पोहता येत नाही. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा हे मला हजारदा सांगून झालं होतं आणि तरी मी पहिल्यांदा उलटाच ढकलला. काडी ओरडला काहीतरी. हे शांत बसून होते.

धुकं होतं थोडं. पाणी आणि आकाश ह्यांच्यामध्ये शिवण दिसत नव्हती, सगळं एकाच कापडाचं. इंजिनाचा आवाज एका लयीत लागला आणि धक्का हळूहळू मागे जायला लागला.

"मला अजून राग आहे," हे म्हणाले.

"माहीत आहे."

"जाईल असं वाटत नाही."

"राहू दे."

मला वाटलं, किती लांब आलो ते बघावं, म्हणून मी मान वळवायला लागले.

"मागे बघू नकोस," हे म्हणाले. "जहाज सुटताना मी कधी बघितलं नाही. एकदासुद्धा नाही."

"का?"

"तू उभी असायचीस. बघितलं असतं तर उतरलो असतो."

तीस वर्षं ह्या माणसाला जायचं नव्हतं, आणि तो जाईल ह्या भीतीने मी त्याच्या हातांतली वर्षं घालवली. दांडा धरून मी समोर बघत बसले. डोळे भरून आले होते, धुकं कुठलं आणि पाणी कुठलं काही कळत नव्हतं. हे माझ्या खांद्यावरून मागे धक्क्याकडे बघत होते, आणि बोटीमागे पाण्यात उठणाऱ्या रेघेकडे.

"रेघ वाकडी येतेय," हे म्हणाले. "जरा उजवीकडे ढकल. आणखी थोडं. बस."

मी ढकललं. ते सांगतील तशी मी बोट नेत गेले.